आठ तारांची केबल

माझे वडील पाणीपुरवठा केंद्रात एकतीस वर्षं तारा जोडत होते आणि तिथे त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळे त्यांना बीपकाका म्हणत. त्यांच्या खिशात कायम एक पिवळा मीटर असायचा. तारेच्या दोन टोकांना त्याच्या दोन काड्या लावल्या आणि तार आतून अखंड असली की तो बीप असा आवाज करायचा. तुटलेली असली की गप्प बसायचा. बाबांचा या जगात फार थोड्या गोष्टींवर विश्वास होता आणि त्यात हा आवाज पहिला होता. साहेब लोकांचा नंबर त्या यादीत कुठेच नव्हता, हे मला आवडायचं. पुढे मीच साहेब लोकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, तेच सांगायला बसले आहे.

बाबांची कामाची एक रीत होती. जोड कितीही साधा असो, तो झाल्यावर दुसरं टोक कुणाच्या तरी हातात द्यायचं, इकडून काडी लावायची, तिकडून लावायला सांगायची आणि एकेक तार वाजवून बघायची. त्यामुळे माझं निम्मं बालपण टोकं धरण्यात गेलं. शेजाऱ्यांची इस्त्री असो, जिन्यातला दिवा असो, "जरा टोक धर गं" अशी हाक आली की हातातलं टाकून उठायचं. केंद्रातही तेच. सगळ्या तारा वाजल्या की ते नोंदवहीत "तपासली, चालू" असं लिहायचे आणि खाली सही करायचे. त्याआधी नाही. आई म्हणायची, "लग्नात माझा हात यांच्या हातात दिला, तेव्हा हे दुसऱ्या हातानं खिसा चाचपत होते. मीटर घरी राहिला की काय, म्हणून."

ही सहीची सवय त्यांना महागात पडली. मी शाळेत असताना केंद्रात एका ठेकेदाराकडून नवं वायरिंग करून घेतलं होतं. जोड म्हणजे काय, तर तारा नुसत्या पिळलेल्या आणि वरून चिकटपट्टी. मोठे साहेब म्हणाले, सही करून टाका. बाबा म्हणाले, "सोल्डर केलेलं नाही, चालू कसं लिहू?" सही दुसऱ्यानं केली आणि त्या वर्षीची बढतीही त्यालाच मिळाली. चार वर्षांनी पुन्हा तसंच झालं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लोक डोळे मिटून सह्या करतात, त्यांचं काय वाकडं होतं?" बाबांनी जेवता जेवता एवढंच सांगितलं, "माझ्या सहीखालची एक तरी केबल बंद पडलेली दाखव." ती कुणालाच दाखवता येत नव्हती. बाबांची सगळी मिळकत म्हणायची तर ती एवढीच.

मी इंजिनियर झाले तेव्हा त्यांनी ते केंद्रातल्या पहारेकऱ्यापासून सगळ्यांना सांगितलं. मला पाच माणसांच्या एका कंपनीत नोकरी लागली. आम्ही यंत्रं चालवणारे छोटे डबे बनवायचो. डब्यात एक चिप, थोडी मेमरी आणि एक प्रोग्रॅम. तो सांगेल तेव्हा पंप सुरू, तो सांगेल तेव्हा बंद. बाबांच्या निवृत्तीला काही महिने राहिले असताना त्यांच्याच केंद्राचा जुना डबा निकालात निघाला आणि नव्या डब्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं. त्यातला प्रोग्रॅम मी लिहिला. माझं पहिलं स्वतंत्र काम. बाबा पंपघरात सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या मुलीचा डबा येतोय."

मांडणी सोपी होती. वरच्या मजल्यावर ऑफिसातला कॉम्प्युटर, खाली पंपघरात डबा, आणि दोघांच्या मध्ये बाबांनी नऊ वर्षांपूर्वी भिंतीकडेनं घातलेली आठ तारांची सिरीयल केबल. सिरीयल म्हणजे एकामागून एक अक्षर जाणार, रांगेत. त्याच केबलवरून कॉम्प्युटर आणि डबा यांचं नेटवर्क जोडायचं होतं. कॉम्प्युटरनं दिवसभराचं वेळापत्रक पाठवायचं, कुठला पंप कधी चालवायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा. आणि डब्यानं दर मिनिटाला टाकीची पातळी वर कळवायची.

डबा बसवला. जोडणी लागली. वरून "आहेस का?" असं विचारलं की खालून "आहे" असं उत्तर यायचं, शंभरदा विचारलं तरी शंभरदा. पण खरं वेळापत्रक पाठवलं की निम्म्यावर सगळं अडकायचं आणि जोडणी तुटायची. परत लावा, परत पाठवा, परत निम्म्यावर ठप्प. असे तीन आठवडे गेले. बाबांना आधी गंमत वाटली. "तुझा डबा आमच्या ऑफिसात शोभेल," ते म्हणाले. "हो हो म्हणतो आणि फाईल हातात दिली की बसकण मारतो."

मी वेग कमी करून बघितला. अगदी हळू पाठवलं तर वेळापत्रक पूर्ण जायचं. आमच्या मालकांना एवढं पुरेसं होतं. "वेग वाढवला की अडकतं म्हणजे केबलच. जुनी केबल, शेजारी एवढ्या मोठ्या मोटारी, दुसरं काय असणार?" हळू चालवून भागणार नव्हतं, कारण दर मिनिटाची माहिती त्या वेगात वर येत नव्हती आणि करारात ते लिहिलेलं होतं. केंद्रातले मोठे साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत चाललं नाही तर डबा परत न्या. आमचे मालक मला जिन्यात गाठून म्हणाले, "डबा परत आला, तर तू परत यायची तसदी घेऊ नकोस." ते हसून म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

बाबांच्या निवृत्तीला तेव्हा सात आठवडे राहिले होते. त्यांना निरोपाचं कौतुक नव्हतं. एकदा चहा पिताना आपणहून म्हणाले, "वहीत माझ्या सहीखाली एकही 'खराब' नाही. तेवढं घेऊन बाहेर पडलो की झालं." आणि आता त्यांच्या केबलवर बोट होतं, आणि ते बोट माझ्या कंपनीचं होतं.

रविवारी केंद्रात कुणी नसतं. बाबा म्हणाले, चल, आपण दोघं बघू. मी वर कॉम्प्युटरपाशी बसले, ते खाली पंपघरात गेले. त्यांनी केबल डब्यातून काढली आणि तिच्या टोकाला, जाणारी तार आणि येणारी तार यांच्यात वायरचा एक इंचभर तुकडा अडकवला. म्हणजे मी जे पाठवीन ते खाली जाऊन तसंच माझ्याकडे परत येणार. डबा मध्ये नाहीच. फक्त केबलची परीक्षा. मी एक अक्षर दाबलं, ते परत आलं. जिन्यातून ओरडून सांगितलं.

"एक अक्षर काय पाठवतेस?" खालून आवाज आला. "पानच्या पान पाठव. पुरा वेग लाव. मोटारीही चालू करतो."

त्या कॉम्प्युटरवर हाताशी होती ती ऑफिसच्या रजेच्या नियमांची फाईल. बारा पानं. मी ती पूर्ण वेगानं पाठवली. खाली मोटारी घरघरत होत्या, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि रजेचे नियम भराभर परत येत होते; वैद्यकीय रजा, बिनपगारी रजा, सगळं जसंच्या तसं. मी दोन्ही फाईली ताडून बघितल्या. एका अक्षराचा फरक नव्हता. तीनदा पाठवली, तीनदा तेच.

बाबा हात पुसत वर आले. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "केबल बरी आहे," ते म्हणाले. त्यात शेखी नव्हती, टोमणा नव्हता. जाता जाता म्हणाले, "डब्यात बघ एकदा. माझं काही म्हणणं नाही, पण बघ."

सोमवारी आमच्या कंपनीत मी प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि दुपारी ती ओळ सापडली. त्या आठ तारांमधली एक तार डब्यानं "थांब" म्हणण्यासाठी असते. डब्याची मेमरी लहान. ती भरत आली की त्यानं त्या तारेवरून कॉम्प्युटरला थांबवायचं, आलेलं गिळायचं आणि मग "येऊ दे" म्हणायचं. माझ्या टेबलावर चाचणीसाठी मी घाईघाईनं बनवलेली तीनच तारांची केबल होती. तिच्यात ती तार नव्हतीच, म्हणून प्रोग्रॅममधला तेवढा भाग मी बंद करून ठेवला होता आणि शेजारी स्वतःच लिहिलं होतं, "तात्पुरतं". आमच्या धंद्यात या शब्दाइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं. टेबलावर मी चार ओळींचं वेळापत्रक पाठवून बघितलं होतं, त्यात मेमरी भरायचा प्रश्नच आला नाही. केंद्रातलं वेळापत्रक होतं दोनशे ओळींचं. कॉम्प्युटर ओतत राहायचा, डबा बिचारा "येऊ दे, येऊ दे" म्हणत राहायचा आणि अर्धं सांडून जायचं. हळू पाठवलं की त्याला गिळायला वेळ मिळायचा. एवढीच भानगड होती. एक ओळ. ती चालू करायला मला दहा सेकंद लागले.

मी मालकांच्या दाराशी गेले. सांगायलाच गेले होते, हे मी आजही स्वतःला सांगते. ते फोनवर मोठ्या साहेबांशीच बोलत होते. "शंभर टक्के केबल," ते म्हणत होते, "आमच्याकडे सगळं तपासून झालंय." मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काही सापडलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग नवी केबल घेऊन बुधवारी जाऊ. चालेल बघ."

चालणारच होतं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम माझ्या पिशवीत होता. मंगळवारी मी आईबाबांच्या घरी फिरकले नाही. आईचा फोन आला तर कामात आहे म्हणून सांगितलं.

बुधवारी मालकांनी नवी केबल टाकली आणि त्या गडबडीत मी डब्यात नवा प्रोग्रॅम भरला. कुणी विचारलं नाही. वेळापत्रक पाठवलं, दोनशेच्या दोनशे ओळी खाली गेल्या, टाकीची पातळी दर मिनिटाला वर येऊ लागली. मोठे साहेब खूश झाले. त्यांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो आणि बाबा दाराजवळ, हातात काढलेल्या जुन्या केबलचं वेटोळं घेऊन.

"म्हणजे केबल खराब होती तर," साहेब म्हणाले. मालकांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही माझ्याकडेच बघितलं, कारण इंजिनियर मी होते. "काय हो, बाई?"

"हो," मी म्हणाले. "जुनी झाली होती."

मी बाबांकडे बघितलं नाही. साहेबांनी तिथल्या तिथे वही मागवली आणि बाबांच्या नऊ वर्षांपूर्वीच्या सहीखाली लाल पेनानं लिहिलं, "केबल खराब, बदलली." बाबा पुढे झाले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "साहेब, ही टाकूनच द्यायची असेल तर मी घरी नेऊ का?" साहेब म्हणाले, न्या की.

गोष्ट तिथेच थांबली असती तर मी कदाचित विसरलेही असते; माणूस निगरगट्ट असतो. पण एक केबल खराब निघाली म्हटल्यावर साहेबांनी पत्र काढलं की बीपकाकांच्या हातचं सगळं जुनं वायरिंग बदलून घ्यावं. काम कुणाला मिळालं असेल? त्याच ठेकेदाराला, पिळून चिकटपट्टी लावणाऱ्या. शेवटचे पाच आठवडे बाबा रोज कामावर जाऊन आपलं एकतीस वर्षांचं काम भिंतींवरून ओरबाडून निघताना बघत बसले. अंगणात ढीग पडायचा. त्यातली एकही तार मेलेली नव्हती. एकदा त्यांनी ढिगातली एक उचलून मीटर लावला तर ठेकेदाराची माणसं हसली. हे मला पहारेकऱ्यानं सांगितलं.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. बीपकाका म्हणजे चोख माणूस वगैरे सगळं बोलून झालं आणि शेवटी विनोद म्हणून म्हणाले, "फक्त शेवटच्या केबलनं काकांना दगा दिला, आणि चोर पकडला तो काकांच्याच मुलीनं." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. बाबाही हसले. एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी पहिल्या रांगेत होते आणि मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून कसं चाललं असतं?

त्यानंतर बाबांनी मीटर कपाटात ठेवून दिला. शेजारी इस्त्री घेऊन आले की म्हणायचे, "आता नाही जमत, डोळे अधू झालेत." डोळे ठणठणीत होते. ते घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, तेही त्यांनी उघडून बघितलं नाही. मला इकडे बढती मिळाली. दर रविवारी मी घरी जायचे, काहीबाही घेऊन जायचे आणि बाबा ते टेबलावर ठेवायला सांगायचे. आईनं एकदा स्वयंपाकघरात मला विचारलं, "त्यांचं काय बिनसलंय गं? तुला काही माहीत आहे?" मी म्हणाले, निवृत्तीनंतर होतं असं.

वर्षभरानं एका रविवारी दुपारी मी गेले तर बाबा जमिनीवर बसले होते. माळ्यावरून काढलेलं केबलचं वेटोळं समोर, शेजारी पिवळा मीटर. त्यात नवा सेल घातलेला दिसत होता. आई झोपली होती.

"बरी आलीस," ते म्हणाले. "जरा टोक धर."

मी बसले. माझ्या हातात त्यांनी मीटरची एक काडी आणि केबलचं एक टोक दिलं, दुसरं आपल्या हातात घेतलं. लाल, ते म्हणाले. मी लाल तारेच्या जागी काडी टेकवली. बीप. काळी. बीप. पांढरी. बीप. सावकाश, घाई न करता, लहानपणी करायचो तसं. हिरवी, निळी, पिवळी, तपकिरी. शेवटच्या तारेला माझी काडी घसरली. मीटर गप्प राहिला. "नीट लाव," ते म्हणाले. मी नीट लावली. बीप.

"आठ," बाबा म्हणाले आणि मीटर बंद केला. मग विचारलं, "डब्यात होतं ना?"

"हो."

"काय होतं?"

मी सांगितलं. ती तार, ती ओळ, तीन तारांची केबल, सगळं. ते कुठल्याही बिघाडाबद्दल ऐकावं तसं मन लावून ऐकत होते. "म्हणजे थांब म्हणतच नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आणि साहेबांसमोर गेलीस बुधवारी." त्यांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"बाबा, माझी नोकरी गेली असती."

"गेलीच असती."

"मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत? तुम्हाला तर रविवारीच कळलं होतं."

"मी बोललो असतो तर तू खोटी पडली असतीस," ते म्हणाले. "भर खोलीत." मग त्यांनी टोकावरची धूळ अंगठ्यानं पुसली. "मंगळवार मोकळा होता. घरी यायचंस. म्हणायचंस, बाबा, माझ्याकडून असं असं झालंय. मीच वहीत लिहून दिलं असतं, केबल खराब म्हणून. माझ्या हातानं, सही करून."

ज्या माणसानं दोन बढत्या सोडल्या पण एक सही दिली नाही, तो मला ती देणार होता, आणि मी ती मागायलासुद्धा गेले नव्हते. मी केबलचं टोक हातात घट्ट धरून बसले होते.

बाबांनी आपल्या बाजूनं वेटोळं करायला घेतलं. माझ्यापर्यंत आल्यावर थांबले.

"सोड आता," ते म्हणाले. "गुंडाळायची आहे."